‘पायलटची चूक’ हे उत्तर आधीच देऊन ठेवू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाण्यावर विमान उतरवायचा विचार करणाऱ्या सर्व साहेबांना, दड्डीकडच्या एका माणसाचं खुलं पत्र

साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात तुम्ही लोक आमच्याकडं पाहणीला आला होता. दोन गाड्या होत्या, बोनेटवर नकाशा पसरला होता आणि एका साहेबांनी गॉगल न काढताच बोटानं पाण्यावर सरळ रेघ मारून दाखवली, इथून तिथंपर्यंत. मग देवळाच्या कट्ट्यावर बैठक झाली. बैठक म्हणजे काय, तुम्ही बोलला आणि आम्ही ऐकलं, पर्यटन वाढणार, पोरांना कामं मिळणार, बेंगळूरची माणसं थेट आमच्या पाण्यात उतरणार. शेवटी आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, उठून एवढंच विचारलं की साहेब, आणि विमान पडलं तर? त्यावर तुमच्यातले एक जण हसून म्हणाले, "काका, जगात कुठंबी बघा, असले अपघात पायलटच्या चुकीनं होतात, जागेचा काय संबंध नसतो. आपण पायलट चांगले आणू." तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

मी मागं उभा होतो. चार माणसांत मला बोलायला जमत नाही, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता लिहूलालोय. (हे आमचं बेळगावी मराठी आहे, पुण्याच्या मंडळींनी हसू नये.)

मी कोण ते सांगतो. सहा वर्षं मी मालदीवमध्ये सीप्लेनवर कामाला होतो. पायलट नव्हे, तेवढं शिकलोय कुठं. अर्धी चड्डी आणि अनवाणी पाय हाच आमचा युनिफॉर्म, विमान धक्क्याला आलं की फ्लोटवर उडी मारायची, दोर बांधायचा, पाहुण्यांना हात धरून उतरवायचं, बॅगा काढायच्या. आणि सकाळी उजाडायच्या आत फ्लोटमधलं पाणी काढायचं. फ्लोट म्हणजे चाकांच्या जागी विमानाखाली असतात त्या दोन लांबट होड्या, आतून कप्पे केलेल्या, प्रत्येक कप्प्याला वर एक भोक आणि त्यात रबरी चेंडू दाबून बसवलेला. चेंडू काढायचा, हातपंप घालायचा, किती वेळा ओढल्यावर नुसत्या हवेचा आवाज येतो ते मोजायचं. एखाद्या कप्प्यातून रोजच्यापेक्षा जास्त पाणी निघालं तर लगेच इंजिनियरला हाक मारायची, कारण खाली कुठंतरी चीर गेलेली असते. मला विमानातलं कळतं ते एवढंच, पण पाण्यावर विमान उतरताना मी हजारो वेळा आत बसलोय.

आणि दुसरं नातं असं की आमच्या आजोबांचं शेत याच धरणात अडवलेल्या घटप्रभेच्या पाण्याखाली आहे. आज्जी अजून काठावर उभी राहून सांगते, ते तिथं आपली विहीर, त्याच्या अलीकडं चिंच. बाहेरच्याला तिथं नुसतं पाणी दिसतं.

आता तुमच्या त्या वाक्याकडं येतो. पायलट चुकतात हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण पाण्यावर पायलट कसा चुकतो ते बघा. आमच्याकडं थंडीत सकाळी आठ-साडेआठपर्यंत वारा नसतो, पाणी आरशागत पडलेलं असतं, डोंगर उलटा दिसतो. फोटो काढायला एकदम भारी. पण पायलटला त्याच्यासारखी वाईट वेळ नाही, कारण लाट नाही, फेस नाही, त्यामुळं पाणी नक्की कुठं सुरू होतं तेच दिसत नाही, पन्नास फुटांवर आहोत की पाच फुटांवर ते डोळ्याला कळत नाही. मग कुणी वरच नाक उचलतो आणि विमान धपकन खाली आदळतं, नाहीतर कुणी अजून उंची आहे असं समजून थेट पाण्यात घुसतो. वीस-वीस वर्षं उडवलेले लोक यात गेलेत.

यावर उपाय आहे, तो शिकवतातही. मालदीवला एका सकाळी असंच मेलेलं पाणी होतं, आमच्या कॅप्टननं एक फेरी मारली आणि बेटाच्या किनाऱ्याला अगदी लागून विमान आणलं, इंजिन थोडं चालू ठेवून, नाक जरासं वर धरून, मिनिटाला शे-दीडशे फूट अशा बेतानं ते खाली येत राहिलं, येतच राहिलं, मला मागं बसून वाटलं की हे आता उतरणारच नाही. मग फ्लोटखाली सर्र आवाज आला. नंतर दोर बांधताना मी विचारलं तर म्हणाला, मी पाणी बघतच नव्हतो, किनाऱ्यावरची झाडं बघत होतो. आता साहेब, तुमच्या बोटानं मारलेली ती रेघ आठवा. ती बरोबर पाण्याच्या मधोमध होती, दोन्हीकडचा काठ लांब! तिथं पायलटनं कशाकडं बघायचं? आणि उद्या तिथं काही झालं तर कागदावर येईल, उंचीचा अंदाज चुकला. रेघ कुणी मारली ते येणार नाही. माझी पहिली मागणी हीच आहे की उतरण्याची वाट काठाच्या आधारानं आखा, आणि पाणी आरशागत असेल तेव्हा आधी एक मोटरबोट तिथून फिरवून पाणी मोडून द्या. दुसरीकडं करतात असं, त्याला काही कोटी लागत नाहीत.

माझ्या डोळ्यांसमोर झालेली एक गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. एका बेटापाशी वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी झोळी असते ना, ती फाटून नुसती काठी राहिली होती. आम्ही दोरवाल्यांनी तीन वेळा सांगितलं, दरवेळी उत्तर एकच, मागवलीय. एका दुपारी वारा फिरला, ते वरून कळलं नाही, विमान मागून येणाऱ्या आणि आडव्या वाऱ्यात उतरलं, डावा फ्लोट रुतला, पंखाचं टोक पाण्याला लागलं आणि आम्ही सगळे एका अंगावर पडलो. नशीब चांगलं, एका बाईंचं मनगट मोडलं त्यावर भागलं. विमान त्या वेळी को-पायलट पोराच्या हातात होतं, पंचवीस-सव्वीसचा असेल. आठवड्यात त्याला घरी पाठवला, कारण काय तर हाताळणीत चूक. आणि तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी नवी कोरी झोळी आली. मी स्वतः ती काठीला बांधली. म्हणून साहेब, ‘पायलटची चूक’ हे शब्द ऐकले की मला ती रिकामी काठी दिसते.

बरं, हे फक्त माझ्या अनुभवाचं नाही. ३१ डिसेंबर २०१७ ला ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ बीव्हर जातीचं एक छोटं सीप्लेन खाडीत पडलं, पायलट आणि पाच प्रवासी सगळे गेले. ज्या खाडीत जायचं कारणच नव्हतं तिथं ते वळलं, मग एकदम तीव्र वळण घेऊन नाकावर पाण्यात. कुणीही म्हटलं असतं, पायलटचं डोकं फिरलं. पण तपासणारे चिकाटीचे होते. पुढं पायलटच्या रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे गुंगी आणणारा विषारी वायू, सापडला, एक्झॉस्टला तडा गेलेला आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्याचे काही बोल्ट नव्हते, तिथून वायू आत येत होता. अहवाल यायला २०२१ चा जानेवारी उजाडला. आणि अमेरिकेत ४ सप्टेंबर २०२२ ला व्हिडबी बेटाजवळ ऑटर जातीचं सीप्लेन पडून दहा जण गेले, तिथं शेपटीच्या यंत्रणेतली, नट फिरू न देणारी एक साधी लॉक रिंग नसल्यामुळं नट सुटला होता. पायलट काय करणार होता बिचारा?

आता आमच्या पाण्याबद्दल. हिडकल धरण भरलं की पातळी २१७५ फूट, ५१ टीएमसी पाणी. पावसाळ्यानंतर बघितलं तर तुम्हाला विमानतळच वाटणार. पण बेळगावला प्यायला, कालव्यांना, सगळीकडं इथून पाणी जातं आणि उन्हाळ्यात ते उतरत जातं. उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाण्यातून वर येतं, अख्खं दगडी देऊळ, लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. पण वर येण्याआधी ते काही दिवस पाण्याच्या जरासं खाली असतं, साहेब. वरून काही दिसत नाही आणि खाली हात-दीड हातावर कळस. विमानाचा फ्लोट मांडीभर पाण्यात असतो आणि टेकताना वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. देवळाचं एक सोडा, ते सगळ्यांना माहीत आहे. आज्जीची विहीर, चिंचेचं खोड, कुणाच्या घराच्या भिंती, बांध, हे तुमच्या नकाशात आहे का? बोनेटवरच्या नकाशात तर सगळं निळं होतं.

म्हणून मागणी अशी की तळाची मोजणी करा, ती करताना गावातली म्हातारी माणसं नावेत घेऊन बसा, आणि पातळी किती फुटांवर आली की विमान बंद हे आधीच ठरवून पाटीवर लिहा. ‘उन्हाळ्यात बंद’ असलं मोघम नको, एखाद्या वर्षी पाणी लवकरच तळाला जातं. शेतकऱ्यांच्या मोटारी आणि पाईप पाणी जाईल तसे पुढं सरकतात, त्याही जागा दर महिन्याला बदलतात. पाण्यावरून गेलेल्या विजेच्या तारांना रंगीत गोळे लावा. याला समितीची गरज नाही.

मासेमारीचं थोडं जास्त सांगावं लागेल, कारण बैठकीत त्यावर कुणी शब्द काढला नाही. तात्या पहाटे बुट्टीसारख्या गोल नावेतून जातात, जाळ्याला थर्माकोलचे तुकडे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात, वरून येणाऱ्या पायलटला ते दिसणं कठीणच. नाव काळी, पाणी काळं, त्यात एकटा माणूस खाली वाकलेला. विमानाला पाण्यावर ब्रेक नसतो. ८ जून २०२४ ला कॅनडात व्हँकूवरच्या बंदरात, जिथं कंट्रोल टॉवर आहे, दिवसाढवळ्या, तिथं उड्डाण घेणारं सीप्लेन एका बोटीला जाऊन धडकलं. सुदैवानं कुणी दगावलं नाही. तिथं जर हे होतं तर इथं, जिथं तात्यांकडं साधी शिट्टी नाही? केरळात २०१३ ला मच्छीमारांना विचारात न घेता सीप्लेन आणलं, त्यांनी जोरात विरोध केला आणि ते बारगळलं. आणि गुजरातेत केवडियाला सीप्लेनसाठी २०१९ मध्ये तलावातल्या मगरी पिंजरे लावून दुसरीकडं हलवल्या. मगरींचीसुद्धा सोय लावली हो! आमच्या तात्यांना अजून एक नोटीस नाही.

मला भांडण नकोय. विमान यायचं असेल तर येऊ द्या, पण कुठल्या वेळेला कुठल्या पट्ट्यात जाळं टाकायचं नाही हे मच्छीमारांबरोबर बसून ठरवा, त्या पट्ट्याला बोये लावा, प्रत्येक लँडिंगआधी एक बोट फिरून वाट मोकळी असल्याचं वायरलेसवर सांगेल आणि ती बोट चालवायला याच लोकांना घ्या, पगारावर. बुडालेल्या धंद्याची भरपाई वेगळी. हे पाणी त्यांना घराच्या अंगणासारखं ठाऊक आहे.

एक गोष्ट खास आपल्याकडची. हे विमान सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या धावपट्टीवरून उडणार आणि दहा-पंधरा मिनिटांत पाण्यावर उतरणार असं तुम्ही म्हणालात. म्हणजे फ्लोटला चाकं असलेलं विमान. अशा विमानाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट अपघात कुठला, कुठल्याही सीप्लेनवाल्याला विचारा. चाकं खाली राहिली आणि विमान पाण्यावर टेकलं, की चाकं पाण्यात अडकतात आणि विमान नाकावरून पालथं होतं, क्षणात. उलटं, चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरलं तर फ्लोटचा तळ घासतो, बहुतेक वेळा तेवढंच. ही चूक पायलटचीच, मान्य. पण धावपट्टीवर उतरायची सवय म्हणजे ‘चाकं खाली’, आणि पाण्यावर बरोबर उलटं, त्यात उड्डाण एवढं लहान की मधे नीट विचार करायला उसंत नाही, दिवसातून सहा-सात फेऱ्या, मागं पाहुणे सेल्फी काढतायत, खाली कुणीतरी हारतुरे घेऊन उभा. चूक तिथं शिजत असते. तर फेऱ्या किती ते आधी ठरवा, दोन पायलट ठेवा, चाकांची जागा तोंडानं बोलून सांगणारं यंत्र येतं ते बसवलेलं विमानच घ्या.

हारतुऱ्यांवरून आठवलं. उद्घाटनाच्या दिवशी वारा असला, धुकं असलं, तर पायलटनं ‘नाही’ म्हटल्यावर त्याच्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत, मग विमानात कुणी का बसलेलं असेना. हे लेखी द्या. तसंही उद्घाटनात काय राहिलंय, साबरमतीहून केवडियाला सीप्लेन ३१ ऑक्टोबर २०२० ला थाटात सुरू झालं, महिन्याभरात तेच विमान देखभालीसाठी मालदीवला गेलं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सेवा थांबली.

आता सगळ्यात कठीण भाग. विमान पालथं झाल्यावर माणसं धक्क्यापेक्षा बुडूनच जास्त मरतात. कॅनडाच्या तपास संस्थेनं वीस वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा पाण्यात पडून बुडालेल्या विमानांमधले साधारण ७० टक्के मृत्यू बुडून झालेले होते. २९ नोव्हेंबर २००९ ला तिथं सॅटर्ना बेटापाशी आठ जणांचं बीव्हर पडलं, काही दारं अडकली, पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले, बाकीचे सहा आतच राहिले, त्यात एक तान्हं बाळ. नंतर त्या तपास संस्थेनं म्हटलं की ढकलून उघडणाऱ्या खिडक्या बसवा आणि लाईफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं. उलटं लटकल्यावर सीटखाली हात घालून कोण काय काढणार! आम्ही मालदीवला पाहुण्यांना कमरेला बांधायचं पाकीट द्यायचो आणि दर फेरीला बजावायचो की आत असताना फुगवू नका, फुगवलात की ते तुम्हाला वर, म्हणजे उलट्या विमानाच्या जमिनीकडं, दाबून धरेल आणि दारातून खाली जाता येणार नाही. एक हात दाराच्या कडीवर, मगच पट्टा सोडायचा. आधी पट्टा सोडला की दिशा हरवते. हे मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतसुद्धा बोलतो म्हणे, बायको सांगते.

तर ही सूचना कन्नडमध्ये हवी, मराठीत हवी, इंग्रजीत हवी. कृपा करून यात सीमावाद आणू नका, दोन्हीकडून. कन्नड पाटी असायलाच पाहिजे, राज्य तुमचं-आमचं कर्नाटक आहे. पण भावेश्वरीच्या यात्रेला आलेली कोल्हापूरची बाई पोराला घेऊन हौसेनं विमानात बसली तर तिला ‘पट्टा नंतर सोडा’ हे कळायला हवं की नको?

आणि बाहेर काढायला कोण येणार? आज आमच्याकडं कुणी बुडालं तर बेळगावहून बोट यायला किती वेळ लागतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. तोवर तात्यांसारखे लोकच बुड्या मारतात, अंगावर एक टॉवेल. विमान असेल तेवढा वेळ इंजिन चालू ठेवलेली बचाव बोट पाण्यात हवी आणि शिकवलेले पाणबुडे हवेत, नाहीतर विमान नको. यावर मी हटणार नाही.

राहता राहिलं ते तपासाचं. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमातच आहे, तेराव्या परिशिष्टात, की विमान अपघाताचा तपास कुणाला दोषी धरायला नसतो, पुढचा अपघात टाळायला असतो. मग काही झालंच तर पहिल्या दिवशी माईकसमोर कुणी ‘पायलटची चूक’ म्हणू नये, अहवाल पूर्ण येऊ द्यावा, आणि तो गावच्या चावडीवर मराठी-कन्नडमध्ये लागावा. लहानसहान घटनासुद्धा, फाटलेल्या झोळीपासून. दोर बांधणाऱ्या पोरानं तक्रार केली तर ती वहीत लिहून घ्यायची आणि कधी काय केलं ते समोर लिहायचं. ही वही कुणालाही बघता आली पाहिजे.

पुढच्या पाहणीला मे महिन्यात या. तेव्हा देऊळ वर आलेलं असतं, तात्या नावेतून नेतील, आज्जीची विहीरही बघता येईल. ती बोनेटवरची रेघ आपण तिथं उभं राहून परत मारू. बूट घालून येऊ नका, गुडघाभर चिखल असतो.

आपला,
दड्डीकडचा एक जुना दोरवाला